लेलेबाई आणि दोनशे ऐंशी मिलिसेकंद

संगणकाच्या पडद्यावर एखादी खिडकी उघडते तेव्हा ती कशी उघडावी, हे ठरवणं माझं काम आहे. फटकन की हळूच, वरून खाली की कोपऱ्यातून मोठी होत, आणि किती वेळात. अठरा वर्षं मी हेच करते आहे. नातेवाइकांना ते सांगून पटत नाही. "म्हणजे आतलं काम दुसरं कुणी करतं आणि तू फक्त उघडतेस?" असं एका मावशीने विचारलं होतं. वर्णन अचूक आहे.

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमची कंपनी. खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, वर आम्ही. आम्ही तयार सॉफ्टवेअर विकत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना लागणारे भाग बनवतो: बटणं, याद्या, तक्ते, खिडक्या. या संचाला आमच्याकडे टूलकिट म्हणतात. सुतार कपाट स्वतः बनवतो, पण बिजागरी आणि ड्रॉवरची चॅनल बाजारातून आणतो. आम्ही चॅनलवाले. हल्लीच्या स्वयंपाकघरांत ड्रॉवर ढकलला की शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात तो आपोआप मंदावतो आणि आवाज न करता बंद होतो. पडद्यावर तसं घडवून आणणं हा माझा विभाग.

हे लाड कशाला, असा प्रश्न येतो. उत्तर सोपं आहे. यादीतली एक ओळ पुसली आणि खालच्या सगळ्या एकदम वर आल्या, तर नेमकं काय गेलं ते डोळ्याला कळत नाही. तीच ओळ बाजूला सरकत गेली आणि खालच्या तिच्या जागी आल्या, तर न सांगता कळतं. हालचाल हीसुद्धा माहिती असते. एवढं लक्षात घेतलं की माझा धंदा समजला. बाकी सगळा खेळ मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाचा. फार कमी वेळ दिला तर हालचाल दिसत नाही. अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेलं की समोरचा माणूस पेन टेबलावर आपटायला लागतो. आमची कला काय ती या मधल्या फटीत.

याआधी चार वर्षं मी ठाण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होते. पानं लावता लावता, पानं लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जास्त रस वाटू लागला. वर्ग लावले, शिकले, इकडे आले. येताना दोन सवयी बरोबर आल्या. काय झालं, कुठे, कुणाला, केव्हा, हे आधी लिहायचं. आणि विशेषणं खोडायची. प्रोग्रॅममधली चूक शोधताना दोन्ही उपयोगी पडतात.

ग्राहक नाना तऱ्हेचे भेटले. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या नियंत्रण कक्षासाठी आम्ही धोक्याची लाल पट्टी मंद मंद उजळत जाईल अशी केली होती. तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी चाचणीतच विचारलं, "मॅडम, टाकी ओसंडते ती पण अशीच नाजूकपणे ओसंडते का?" पट्टीचा वेळ त्याच दिवशी शून्य झाला. कल्याणच्या घाऊक बाजारातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याचं उलटं. त्यांना प्रत्येक पान ठोकळ्यासारखं गर्रकन फिरून यायला हवं होतं. "दुकानात आलेल्या माणसाला दिसलं पाहिजे, शेठने नवीन काहीतरी आणलंय." करून दिलं. आठव्या दिवशी फोन आला, "ते फिरणं बंद करा. आमच्या मुनीमजींना गरगरतं."

हे प्रसंग हसून सांगता येतात. पुढचाही येतो, पण त्यातली चूक माझी आहे.

मी डोंबिवली पूर्वेला राहते. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाची शाळेत असल्यापासून सभासद आहे. एके दिवशी मोबाइलवर ग्रंथालयाचा संदेश आला की शेळीपालनावरचं पुस्तक मी मुदत संपूनही परत केलेलं नाही. मी चौथ्या मजल्यावर राहते. शनिवारी गेले.

देवघेवीच्या टेबलाशी लेलेबाई होत्या. तिथे त्या एकतीस वर्षं होत्या. त्यांची काम करायची रीत इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. डाव्या हाताने पुस्तक घेऊन त्या पहिलं पान उघडत. तिथे जांभळ्या शाईत दाखल क्रमांक असतो. ग्रंथालयातल्या प्रत्येक पुस्तकाला आल्या दिवशी मिळणारा नंबर. उजवा हात तोवर आकड्यांच्या कळांवर फिरायला लागलेला असे. आधी सभासदाचा क्रमांक, मग पुस्तकाचा. नजर कधी पुस्तकावर, कधी समोरच्या माणसावर. पडद्यावर कधीच नाही. टायपिंगच्या वर्गात कळांकडे आणि यंत्रातल्या कागदाकडे बघायचं नाही म्हणून छडी खाल्लेली पिढी. बोलणं चालू असताना बोटं वेगळ्याच माणसाची असल्यासारखी चालत.

"बाई, मी शेळ्या पाळत नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे गं मेधा. तू प्रवासवर्णनं नेतेस आणि उशिरा आणतेस." त्यांनी एक वही पुढे ओढली. "दोन महिन्यांतली ही एकविसावी चूक. काल देशपांडे आजोबांच्या नावावर बाळंतिणीच्या आहाराचं पुस्तक निघालं. ते म्हणाले, ठेवा, बघतो."

दोन महिन्यांपूर्वी ग्रंथालयात नवीन सॉफ्टवेअर आलं होतं, कल्याणच्या दोघा जणांनी बनवलेलं. मी टेबलाच्या मागे जाऊन पाहिलं. सभासदाचं पान डावीकडे सरकत गेलं आणि पुस्तकाचं पान उजवीकडून आलं, शेवटी मंदावत, अलगद थांबत. ती हालचाल मी ओळखली. ती माझी होती. कल्याणच्या त्या दोघांनी आमचा टूलकिट वापरला होता. मला आनंद झाला, हे नोंदवलं पाहिजे.

मी स्वतः माउस घेऊन पाचसहा नोंदी करून पाहिल्या. सगळ्या बरोबर. मग मी लेलेबाईंना जे सांगितलं ते आजही आठवायला आवडत नाही. मी म्हटलं, "बाई, जरा सावकाश टाइप करून बघा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाल्या.

पुढचे तीन दिवस त्यांनी सावकाश टाइप केलं. एकही चूक झाली नाही. रांग मात्र जिन्यापर्यंत गेली. चौथ्या दिवशी कार्यवाह कारखानीस सर टेबलाशी आले. हे निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचे. रविवारी लेलेबाईंची सुट्टी असे, तेव्हा ते स्वतः देवघेवीला बसत आणि उजव्या हाताच्या एका बोटाने नोंदी करत. त्यांच्या रविवारी एकही चूक झालेली नव्हती.

"बघा," ते म्हणाले, "घाई हेच कारण होतं. मी बसतो तेव्हा होत नाही, तुम्ही सावकाश केलंत तेव्हा झालं नाही. वयपरत्वे होतं हो हे. यात कमीपणा नाही."

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी कार्यकारिणीची बैठक होती. विषयपत्रिकेवर एक विषय होता: लेलेबाईंना देवघेवीवरून काढून वरच्या मजल्यावर मासिकांच्या बांधीव खंडांच्या खोलीत बसवणं. त्या खोलीत महिन्यातून चार माणसं येतात. लेलेबाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं होती.

हे मला त्यांनीच सांगितलं, त्या आठवड्यातल्या बुधवारी, पुस्तक बदलताना. तक्रारीचा सूर नव्हता. फक्त वही माझ्याकडे दिली. "तू पेपरात होतीस ना? मग वाचून बघ. मला जे माहीत आहे ते सगळं यात लिहिलंय. मी चुकीचा नंबर दाबला असता तर माझ्या बोटांना कळलं असतं."

ती वही मी बातमीची कॉपी तपासावी तशी तपासली. तारीख, वेळ, सभासद, खरा क्रमांक, नोंदला गेलेला क्रमांक. एकही विशेषण नाही. माझ्या जुन्या वार्ताहरांपैकी निम्म्यांना असं लिहिता येत नव्हतं. दोन गोष्टी दिसल्या. पहिली: १४३२७ च्या जागी ४३२७, १८०९५ च्या जागी ८०९५. प्रत्येक वेळी सुरुवातीचाच आकडा गायब, मधला किंवा शेवटचा कधीच नाही. उरलेला चार आकडी नंबर कुठल्या तरी जुन्या पुस्तकाचा निघत होता, म्हणून संगणक काही हरकत घेत नव्हता. दुसरी: दोन पुस्तकं नेणाऱ्या सभासदांचं दुसरं पुस्तक नेहमी बरोबर. चूक फक्त पहिल्याची, म्हणजे पान बदलल्यानंतर लगेच टाकलेल्या नंबरची.

म्हातारपणामुळे होणाऱ्या चुका इतक्या शिस्तीत होत नाहीत.

गुरुवारी ऑफिसात वही भूषण म्हात्रेसमोर ठेवली. भूषण आणि मी एकाच वर्षी कामाला लागलो. तो डोंबिवलीजवळच्या गावातला. आजोबा मिठागरात होते, आता त्या बाजूला घरच्या जमिनीवर दोन टॉवर उभे आहेत. त्याला नोकरीची गरज नाही, त्यामुळे तो खरं बोलतो.

आमच्याकडे एक स्विच आहे. बाहेर कुणाला त्याची कल्पना नसते. तो दाबला की पडद्यावरची प्रत्येक हालचाल दहापट सावकाश होते. क्रिकेटमध्ये झेल नीट घेतला का ते बघण्यासाठी चित्र हळू चालवतात, तसंच. आम्ही तो डोळ्यांसाठी वापरत होतो: कडा दिसतात का, पान झटका देतं का. भूषणने तो दाबला आणि मला म्हणाला, "आता बाईंसारखं कर. पडद्याकडे बघू नको."

मी सभासद क्रमांक टाकला, एन्टर दाबलं आणि थेट १४३२७ टाकला. मान वर केली. चौकटीत फक्त ७ होता.

"अगं, आकडे गिळलेस तू," भूषण म्हणाला.

"मी?"

"तुझ्या पानाने. जाता जाता. हे बघ ना, नवीन पान येऊन थांबल्यावर मग तू कळा त्याच्याकडे देतेस. तोपर्यंत कुणी टाइप केलं तर ते जुन्या पानावर जातं, आणि जुनं पान तर चाललंय घरी."

तसंच होतं. हालचाल दोनशे ऐंशी मिलिसेकंदांची. तेवढ्या वेळात साधा माणूस एक कळही दाबत नाही. लेलेबाई भरात असल्या की एक दाबत होत्या. म्हणजे जो जितका तरबेज, तो तितका चुकणार, आणि एका बोटाने टाइप करणारा कधीच चुकणार नाही. ही चूक पकडायला आमच्या ऑफिसात कुणाचा हातच तेवढा भरभर चालत नव्हता.

"आधी दीडशेच होतं ना हे?" भूषणने विचारलं.

होतं. मीच वाढवलं होतं. सादरीकरणाच्या वेळी मोठ्या पडद्यावर दोनशे ऐंशी फार देखणं दिसलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात कळफलकावर नव्हते.

"मी तेव्हाच बोललेलो," भूषण म्हणाला.

"तू बोललेलास की रंग आवडला नाही."

"तेच ते. काहीतरी खटकलेलं ना."

दुरुस्ती त्या दुपारी झाली. कळा आधी नव्या पानाकडे द्यायच्या, पान मागाहून सरकत येऊ दे. पण दुरुस्तीने लेलेबाईंचा प्रश्न सुटत नव्हता. चूक आमची होती असं पत्र मी लिहिलं असतं, तर कारखानीस सरांनी ते वाचून फायलीला लावलं असतं आणि विचारलं असतं: मग माझ्या हातून का होत नाही? म्हणून जुनीच आवृत्ती लॅपटॉपवर घेऊन आम्ही दोघं रविवारी बैठकीला गेलो. कल्याणच्या दोघांनी ग्रंथालयाच्या नोंदींची एक प्रत दिली होती.

टेबलाभोवती नऊ जण होते. लेलेबाई दाराजवळच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन. मी कारखानीस सरांना विनंती केली की एक नोंद त्यांनी स्वतःच्या नावावर, नेहमीच्या पद्धतीने करावी. पुस्तक १४३२७.

"मी घाई करत नाही, आधीच सांगतो," सर म्हणाले.

"अजिबात करू नका, सर."

भूषणने स्विच दाबून ठेवला होता. सरांनी सभासद क्रमांक टाकला, एन्टर दाबलं, पुस्तकाच्या पहिल्या पानावर नजर टाकली आणि मग कळांकडे बघत एका बोटाने एकेक आकडा दाबला. एक. चार. तीन. दोन. सात. एका बोटाने टाइप करणारे पडद्याकडे बघत नाहीत. त्यांना कळ शोधायची असते. तीन आकडे होईपर्यंत सभासदाचं पान डुलत डुलत डावीकडे निघालं होतं. बाकीच्या आठ जणांना ते दिसत होतं. सरांनी एन्टर दाबलं आणि मान वर केली.

पडद्यावर नोंद होती: दाखल क्रमांक २७, ग्रंथालयाची घटना व नियमावली.

कुणीतरी हसू दाबायचा प्रयत्न केला. मग तो सोडून दिला.

"सर, नियमावली घरी न्यायला परवानगी नाही," लेलेबाई दाराजवळून म्हणाल्या. "संदर्भ विभागातली आहे ती."

आता सगळेच हसले. सरांनी चष्मा पुसला आणि परत केलं. पुन्हा २७. तिसऱ्यांदा त्यांनी पान थांबेपर्यंत बोट हवेत धरलं आणि मगच टाइप केलं. १४३२७ बरोबर आलं.

"म्हणजे याच्यासाठी मी थांबायचं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की आज आम्ही ते दहापट सावकाश केलं आहे, म्हणून आज त्यांना थांबावं लागलं. रोजच्या वेगात ते त्यांच्यासाठी वेळेवर पोहोचतं. लेलेबाईंसाठी पोहोचत नाही. चूक आमच्या कंपनीची आहे, आमच्या कंपनीत माझी आहे, आणि त्यांना सावकाश करा असा सल्ला देणारीही मीच.

सरांनी पुस्तक मिटलं. मग खुर्चीतून उठले आणि ती खुर्ची लेलेबाईंच्या दिशेने वळवली. "बाई, पेपर माझ्याकडून चुकीचा तपासला गेला," ते म्हणाले. "या. बसा."

तो विषय विषयपत्रिकेवरून काढण्यात आला. चहा आला. लेलेबाईंनी माझ्या नावावरची नोंद खोडायला घेतली तेव्हा मी म्हटलं, राहू द्या. शेळीपालनाचं पुस्तक मी खरोखर घेऊन गेले. ते इतक्या वर्षांत कुणीच नेलेलं नव्हतं. पुस्तक चांगलं आहे. शेळीला दवाने भिजलेला चारा सकाळी देऊ नये.

चुकीतून आमच्याकडे एक चाचणी आली. लेलेबाईंच्या परवानगीने भूषणने त्यांच्या एका सकाळच्या कळा टिपून घेतल्या. सभासदांचे क्रमांक बदलून टाकले. ठेवली ती फक्त बोटांची चाल, कुठली कळ किती मिलिसेकंदांनी. टूलकिटमध्ये आम्ही काहीही बदललं, कितीही देखणी हालचाल घातली, की संगणक ती सकाळ पुन्हा त्याच वेगाने टाइप करतो आणि एक तरी आकडा हरवतो का ते बघतो. चाचणी फसली की सुरुवातीला पडद्यावर "लेलेबाई नापास" असं येत असे. भूषणने ते दुसऱ्याच दिवशी बदललं. "बाई कशाला नापास होतील? नापास आपण." आता तिथे येतं: लेलेबाईंना थांबावं लागलं. नव्याने कामाला लागलेल्यांना वाटतं हे इंजिनिअरिंगमधलं काहीतरी जुनं वचन आहे.

ठरल्याप्रमाणे दोन वर्षांनी लेलेबाई देवघेवीच्या टेबलावरूनच निवृत्त झाल्या. त्यानंतरच्या आठवड्यात मी त्यांना आमच्या ऑफिसात घेऊन आले. खोक्यांच्या कारखान्याचा वास, तीन जिने, चहा. भूषणने त्यांच्यासाठी चाचणी चालू केली. पडद्यावर आकडे धावू लागले. कळफलकाला कुणाचा हात लागलेला नव्हता.

"हे मी?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच. दिवसातून चार वेळा पुस्तकं देता."

"केवढी घाई बाई हिला!" त्या म्हणाल्या, पण खुर्ची पुढे ओढली. एके ठिकाणी आकडा खोडून दुसरा आला तसं त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथे मी चुकले होते. हे काढून टाका."

"नाय काढणार," भूषण म्हणाला. "ती एक चूक आम्हाला फार उपयोगी पडते."

थोडं पुढे गेल्यावर आकडे थांबले. पडदा जसाच्या तसा. भूषण म्हणाला, "आता हे सांगा बाई. इथे अकरा सेकंदांची जागा आहे. आम्ही किती दिवस डोकं खाजवलं. बाकी कुठेच तुम्ही एवढ्या थांबत नाही."

लेलेबाईंनी रिकाम्या चौकटीकडे पाहिलं.

"कुणीतरी विचारलं असेल, बाई, हे पुस्तक कसं आहे. मी सांगत असेन."

"अकरा सेकंदांत?"

"मला आवडलेलं नसेल. आवडलं असतं तर रांग खोळंबली असती."

आम्ही हसत होतो तोवर आकडे पुन्हा धावायला लागले.